आमचे वरचे

गळ टाकण्यातलं मला काही कळतं, हा समज गेली चाळीस वर्षं मी एकट्याच्या बळावर टिकवून धरला आहे. घरातून त्याला पाठिंबा नाही. बायकोच्या मते माशांतलं मला एवढंच कळतं, की काटे ताटाच्या कुठल्या बाजूला ठेवायचे. तरीही संध्याकाळी मोहोपाड्याच्या कट्ट्यावर माशांचा विषय निघाला, की माझा उजवा हात आपोआप वर जातो आणि मनगटाला एक झटका बसतो. "सगळी गंमत मनगटात," मी म्हणतो. कट्टा माना डोलावतो, कारण कट्ट्यावरच्या कुणीही आयुष्यात गळ धरलेला नाही.

ही बढाई निस्तरायची वेळ आली ती नातीमुळे. "आजोबा, मग दाखवा ना," ती म्हणाली. लहान मुलांना हे एक कळत नाही, की काही गोष्टी फक्त सांगण्यासाठी असतात.

झालं! रेवसची एक बोट ठरली. मी, नात, बायको, सून, मुलगा, मेहुणा आणि कट्ट्यावरचे सहा जण मिळून बारा माणसं जमली. मी रॉड मागवला. कार्बन फायबरचा, रीलसकट. खरी किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही. त्याच्यासोबत मान झाकणारी टोपी, पाण्याच्या आत बघता येतं असं दुकानदार म्हणाला तो चष्मा आणि प्लास्टिकचे बारा नकली मासे आले. ते इतके देखणे होते, की खऱ्या माशाला न्यूनगंड यावा.

दिवसही मी शास्त्रोक्त निवडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे जुनं गणित मला पाठ आहे. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा. सहाला पूर्ण भरती, आपण सातला ओहोटीबरोबर बाहेर. गणित अचूक होतं. तांडेलाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, अष्टमीला भांग. पानी मेल्यासारखा. मासा पाह्यजे तर उधानाला येवाचा." मग माझा चेहरा बघून दयेनं पुढे म्हणाला, "पन लहान पोर हाय, तर भांगच बरा. उलट्या कमी होतान."

कमीच झाल्या. एकालाच झाल्या. नाव सांगत नाही.

सगळ्यांना पापलेट हवं होतं. मेहुण्याने तर सोबत मसाला लावून न्यायला डबाच आणला होता. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हापासून त्याला वाटतं की राज्याच्या प्रत्येक नागरिकाचा त्याच्यावर हक्क आहे. "नाकवा, पापलेटावर गळ टाका," अशी ऑर्डर त्याने हॉटेलात द्यावी तशी दिली. तांडेल हसला. पापलेट जाळ्यातच गावतं, गळाकडे ते ढुंकून बघत नाही. बोंबलाचंही तेच, त्याला डोल लागते. मग गळाला लागतं तरी काय? खाडीच्या तोंडाशी शिंगाळा लागतो, ढोमा लागतो, खडकात तांब लागतो. आणि नशीब फळफळलं तर जिताडा.

आता जिताड्याविषयी दोन शब्द बोलू द्या. (बोट तोवर कुठे जात नाही, नांगर टाकलाय.)

बाकीच्या जगात जिताडा हा मासा असेल, आमच्या रायगडात तो अर्ज आहे. बांधाची मोजणी अडली, बदली हवी झाली, फेरफार रेंगाळला, की पहाटे साहेबांच्या मागच्या दाराने एक पिशवी आत जायची आणि तिच्या तोंडातून शेपूट बाहेर डोकावायचं, अशा कथा ऐकत मी लहानाचा मोठा झालो. अर्जाला स्टॅम्प लावावा तसा जिताडा. खारेपाटात तळी राखून लोक तो वाढवतात आणि घरच्या लग्नासाठी जपतात. बंगाली माणूस जिच्यापायी वेडा होतो ती भेटकी हीच. हा गोड्या पाण्यात राहतो, खाऱ्यात राहतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे खाऱ्या पाण्यात उतरतो. पिल्लं भरतीवर स्वार होऊन खाजणात, ओढ्यात, मिळेल तितकी वर घुसतात. थोडक्यात, जिथे पाणी तिथे जुळवून घेतो. असं असूनही सरकारी नोकरीत का गेला नाही, कळत नाही.

पण माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट पुढेच आहे. जिताडा जन्मतो सहसा नर म्हणून. काही वर्षं तसाच काढतो, थोराड होतो आणि मग मादी होतो. त्यामुळे दहा-बारा किलोचा जिताडा छातीशी धरून, मिशीला पीळ देऊन ज्यांनी ज्यांनी फोटो काढले, त्यांच्या कवेत बहुतेक वेळा एक पोक्त बाई होती. हे मी बायकोला मोठ्या उत्साहात सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्कल आली की बदलत असतील."

असो. बोटीवर या.

माझे बारा नकली मासे एकामागोमाग पाण्यात गेले आणि तीन तिथेच राहिले. एक मेहुण्याच्या टोपीत अडकला, पण त्यात मनगटाचा दोष नव्हता, वारा होता. बाकीच्यांना तांडेलाने साध्या दोऱ्या दिल्या होत्या. दोरीला शिसं, गरीला कोळंबी. नातीने पहिल्या दहा मिनिटांत एक शिंगाळा काढला. "हात नको लावू, काटा विषारी असतो," एवढं एक खरं ज्ञान मला त्या दिवशी वापरता आलं. मग सुनेला ढोमा मिळाला. कट्ट्यावरचे अकाउंट्सवाले काका दर अर्ध्या तासाला बोटीचं भाडं भागिले माशांचं वजन करून भाव जाहीर करत होते. साडेनऊला शिंगाळ्याचा दर चांदीच्या आसपास होता. अकराच्या सुमारास बायकोने आमिषाच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कोळंबी चांगली आहे की. हीच तळली असती तर?"

आणि तेवढ्यात माझा रॉड वाकला.

असा वाकला, की धनुष्य. रील ओरडायला लागली. "जिताडा!" मी ओरडलो. सगळी बोट माझ्या बाजूला आली, तांडेल खेकसला, अर्धी बोट परत गेली. मुलगा फोटो काढत होता. मी पाय रोवले. मनगट! अखेर मनगट! दहा मिनिटं मी त्याच्याशी झगडलो. तो जड होता, पण झटके देत नव्हता. थकलेला असेल, मला वाटलं. वयस्क असेल. म्हणजे बाई.

पाण्यावर आली ती एक गोणी.

प्लास्टिकची, विणलेली, चिखलाने पोट भरलेली. छपाई बरीचशी विटली होती, कंपनीचं नाव गेलं होतं, पण तळाशी एक सूचना अजून लखलखत होती. असल्या गोण्यांवर ती असतेच, जन्मभर मी ती रोज पाहिली आहे. यूज नो हुक्स.

बोट हसली. मीही हसलो, उशिरा. तांडेलाने चाकूने गळ सोडवला, गोणी उलटी करून चिखल सांडला आणि सहज विचारलं, "तुमचा गाव कंचा, काका?"

"रसायनी."

"म्हंजे आमचे वरचे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. वरच्या मजल्यावरून पाणी गळतं तेव्हा माणूस जसं वर बघतो, तसं त्याने एकदा खाडीच्या आतल्या बाजूला पाहिलं आणि इंजिनाकडे गेला.

येताना खारपाड्याच्या पुलावरून पाताळगंगा ओलांडताना नातीला मी कौतुकाने सांगितलं होतं, की ही आपल्या दारातली नदी, हीच पुढे धरमतरच्या खाडीला मिळते, आपण तिच्याच मागोमाग निघालोय. ती बरीच आधी येऊन पोचली होती.

ही नदी मे महिन्यातही आटत नाही. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी 1915 पासून खोपोलीच्या वीजघरातून वीज करून खाली येतं आणि तिच्यात पडतं. लहानपणी आम्ही म्हणायचो, मुंबईने दिवे लावले की आमच्या गुडघ्याचं पाणी मांडीला लागतं. बांबूची काठी, दोरा, गांडूळ. कॉलनीमागच्या कातकरवाडीतली एक म्हातारी आम्हाला उभं राहायची जागा दाखवायची. "पाण्यात नको बघू, सावलीत बघ," म्हणायची. मनगटाचं तिने कधी नाव घेतलं नाही. तीच सकाळी टोपलीतून मासे घेऊन दारावर यायची. पुढे एका वर्षी आईने तिला परत पाठवायला सुरुवात केली. माशाला औषधाचा वास येतो, म्हणाली. म्हातारी दोन-तीनदा आली, टोपली उघडून दाखवली, आणि मग यायची बंद झाली. मी तेव्हा दहावीला होतो. रसायनशास्त्रात मला फार चांगले मार्क होते.

पुढे सत्तावीस वर्षं मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या तपासल्या. प्रत्येक रकान्यात लिहिलं, मर्यादेत. ते खोटं नव्हतं. त्या बाटलीतलं पाणी मर्यादेतच असायचं. बाटली कधी भरायची, हे मात्र आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सावली कुठे असते, ते म्हातारीला ठाऊक होतं, तसंच.

नातीने विचारलं, "आजोबा, ही तुमची गोणी?"

"नाही गं," मी म्हणालो. "नाव कुठाय तिच्यावर?"

तांडेलाने गोणी खळबळून धुतली आणि टपावर वाळत घातली. बर्फ ठेवायला बरी, म्हणाला.

रात्री मुलाने फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. रॉड धनुष्यासारखा वाकलेला, टोपीची झालर वाऱ्यावर, माझ्या चेहऱ्यावर असा भाव की पाण्याखाली निदान सात किलोचा ऐवज आहे. गोणी वर यायच्या आधीचा क्षण. खाली मी फक्त दोन शब्द लिहिले, "थोडक्यात निसटला." खोटं नव्हतं. बावीस अंगठे आले, तीन नमस्कार, एक फुलांचा गुच्छ.

सकाळी पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या मित्राचा एकच मेसेज आला. मेहुण्याने त्याला आधीच गाठलं होतं.

"बॅच नंबर वाचता येतोय का?"