सर, कंपनीत या!

आयटीआयमधून फिटर किंवा मशिनिस्ट होऊन पोरगं एमआयडीसीतल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागतं आणि त्या दिवसापासून ते कुणाचंच राहत नाही. आयटीआयच्या लेखी तो पास होऊन गेलेला. कंपनीच्या लेखी तो वर्षभराने जाणारा. मधल्या वर्षात त्याच्या हाताला काय येतं, हे बघायला ना सर येतात, ना मालकाला सवड असते.

चाकणला जा, वाळूजला जा, सातपूरला जा. सीएनसी मशीनसमोर तो उभा असतो. जॉब चकमध्ये लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, हवा मारायची, ट्रेमध्ये ठेवायचा. पुन्हा तेच. माप बाहेर जायला लागलं की सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा जाणता कामगार, येतो, ऑफसेट म्हणजे मापाची दुरुस्ती बदलतो आणि निघून जातो. ऑफसेट किती दिला, का दिला, कापणारा इन्सर्ट झिजला होता की जॉब नीट बसला नव्हता, हे विचारायचा पोराला धीर होत नाही. सेटरच्या डोक्यावर शिफ्टचं टार्गेट, त्यालाही सांगत बसायला वेळ नाही. याच पोराने आयटीआयत जुन्या लेथवर आटे पाडलेले असतात, मायक्रोमीटर त्याला वाचता येतो. म्हणजे अर्धी विद्या त्याच्याकडे आहे आणि उरलेली अर्धी शेजारच्याच माणसाकडे. त्या दोन अर्ध्यांची गाठ घालून देणं कुणाच्याच कामात धरलेलं नाही. शिफ्ट संपल्यावर तो कामाच्या वहीत लिहितो, ‘मशीन ऑपरेट केले.’ काल तेच लिहिलं, उद्याही तेच लिहील. खाली सही होते, वही मिटते.

1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा स्पष्ट सांगतो की अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. म्हणूनच आरोग्य, सुरक्षितता, अपघाताची भरपाई अशा तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. केवढी मोठी सवलत ही! ती मालकाला मिळाली ती शिकवण्याच्या बदल्यात. ज्या कंपनीत शिकवणं होत नाही, तिथे ही सवलत म्हणजे पोराच्या कमाईवर मारलेला डल्ला आहे.

सरकारची मोजपट्टीही डोकीच मोजते. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, हा 2019 चा नियम. त्याच वर्षी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना 7000 रुपये ठरलं. आणि जागा न भरल्याचा दंड? 2014 च्या दुरुस्तीने तो ठरवला रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने 500 रुपये, पुढे महिना 1000. पोर घेण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त! असा कायदा ज्यांनी केला, त्यांनी उद्योगांकडे बोट दाखवू नये.

छोट्या कारखानदाराची बाजू मात्र खरी आहे. त्याच्याकडे सेटर एकच. तो पोराला शिकवत उभा राहिला तर मशीन थांबतं आणि मोठ्या कंपनीला जायचा माल अडकतो. त्याला कायद्याचा बडगा दाखवून काही होणार नाही. त्याला पैसे द्यावे लागतील.

जर्मनीत शिकाऊ पोरं आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि बाकीचे कंपनीत घालवतात, साधारण तीन-साडेतीन वर्षं. कंपनीत शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची पात्रता दाखवावी लागते. शेवटची परीक्षा उद्योग-व्यापाराचं चेंबर घेतं आणि परीक्षक मंडळावर मालकांचा माणूस, कामगारांचा माणूस आणि शाळेचा शिक्षक असे तिघेही बसतात. पोरगं तयार झालं की कच्चं राहिलं, हे तिघे मिळून ठरवतात. 2024 साली महाराष्ट्राने याच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पोरं तिकडे पाठवायची घाई आहे, मग त्यांची ही रीत इकडे आणायला कुणी अडवलंय? दुहेरी प्रशिक्षणाची योजना आपल्या आयटीआयच्या कागदांवर आहेच. करारावर सह्या होतात, फोटो निघतात, आणि सेटरला त्या कराराची खबरही नसते.

माझी मागणी साधी आहे. आयटीआयच्या निदेशकाने, म्हणजे शिकवणाऱ्या सरांनी, आठवड्यातला एक दिवस आपल्या जुन्या पोरांच्या कंपन्यांत काढावा. मशीनपाशी उभं राहावं, कामाची वही वाचावी, सहा महिने एकाच मशीनवर ठेवलेल्या पोराला तिथून हलवायला लावावं, आणि कंपनी ऐकत नसेल तर तिची नोंदणी थांबवायचा अधिकार त्याच्या हातात असावा. सेटरने महिन्यातून एकदा आयटीआयत येऊन शिकवावं, आणि अप्रेंटिसच्या शेवटच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसावं. निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे उत्तर मला चालणार नाही. भरा त्या जागा. केंद्राच्या पीएम-सेतू योजनेत देशभरातल्या 1000 सरकारी आयटीआयसाठी 60,000 कोटी रुपये धरलेत. त्यातून इमारती होतील, नवी मशीन येतील, यावीतही. पण निदेशकाचा प्रवासभत्ता आणि सेटरच्या बुडालेल्या शिफ्टची कारखानदाराला भरपाई, या दोन रकमा आधी बाजूला काढा, आणि मग मशीनच्या निविदा काढा.