भाऊसाहेबांची आणेवारी

प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक गृहस्थ हमखास आढळतो, ज्याला विधात्याने पाय दिले ते देशोदेशी हिंडण्यासाठी आणि डोळे दिले ते तेथे जाऊनही आपलेच गाव पाहण्यासाठी. ताजमहालापुढे त्याला उभा करा. तो संगमरवरावर हात फिरवील, मान डोलावील आणि आपल्या ग्रामदैवताचा चौथरा याहून थंड लागतो, असा अभिप्राय देऊन चपला शोधू लागेल. अशा माणसास अरसिक म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अन्यायाचा होय. अरसिक मनुष्य घरी बसतो. हा मात्र सहकुटुंब सहपरिवार समुद्र ओलांडून जातो, कारण आपल्या गावाचे श्रेष्ठत्व गावात बसून शाबीत होत नाही, त्यास बाहेरचा पुरावा लागतो, हे कायद्याचे मर्म त्याला पुरते उमगलेले असते.

आमचे भाऊसाहेब या संप्रदायाचे शिरोमणी. जन्म रोह्याचा, चाकरी महसूल खात्यातली, सासुरवाडी पेणची आणि निवृत्तीनंतरचे बिऱ्हाड सासुरवाडीच्याच आळीत. त्यांच्या सुविद्य पत्नी म्हणजे माझी थोरली बहीण, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रवासात सामानाची राखण आणि मतभेदाच्या प्रसंगी साक्ष ही दोन्ही कामे मेहुणा या नात्याने माझ्याकडे येतात. अव्वल कारकून म्हणून भाऊसाहेबांनी आयुष्यभर पिकांची आणेवारी कागदावर चढवली. भरघोस पीक ते सोळा आणे, आणि निम्म्याखाली गेले की टंचाई. हल्ली दप्तरात हा हिशेब पैशांत लिहितात. भाऊसाहेब बोलताना मात्र आणेच धरतात, आणि नुसते पिकांपुरते नव्हे, तर लग्नातली पंगत, कीर्तनकाराचा आवाज, नवी सून, वर्तमानपत्राचा अग्रलेख, जे जे समोर येईल त्याची आणेवारी केल्यावाचून त्यांना झोप येत नाही. प्रमाण पीक कोणते, हे सांगावयास नकोच. सोळा आणे म्हणजे रोहे.

यंदा नातवाची परीक्षा आटोपताच ठाण्याच्या चिरंजीवांनी सर्वांना मॉरिशसला नेण्याचा घाट घातला, तेव्हा भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न हवापाण्याचा नव्हता, खर्चाचाही नव्हता. त्यांनी विचारले, "क्षेत्र किती?" नातवाने सुमारे दोन हजार चाळीस चौरस किलोमीटर असे सांगताच त्यांनी मनाशी भागाकार केला. रायगड जिल्हा सात हजार एकशे बावन्न. "म्हणजे अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही बसून वर जागा उरते," ते म्हणाले, आणि एखाद्या प्रांताधिकाऱ्याने गावी मुक्काम करण्यास रुकार द्यावा, तशी त्यांनी प्रवासास संमती दिली. लगोलग फाइल उघडण्यात आली. कोणाच्या पिशवीत कोणाची औषधे, पासपोर्ट कोणाच्या हवाली, पोह्याचे पापड किती आणि मिरगुंडे किती, याची टिपणे आम्हा सर्वांस सहीसाठी फिरवण्यात आली.

प्रस्थानाचे वर्णन मी आटोपते घेतो. पेणहून मुंबईस निघणाऱ्या माणसाने रस्त्याविषयी लिहू नये. वाचकांना ते तोंडपाठ असते. विमानात बसल्यावर सहा तासांत हिंदी महासागर ओलांडला जातो, हे ऐकून भाऊसाहेबांनी खिडकीतून खाली पाहिले आणि एवढ्या वेळात आपण गणपतीच्या दिवसांत वडखळ नाका ओलांडून नागोठण्यापर्यंतही पोहोचलो नसतो, हे निर्विकारपणे नोंदवले. यात तक्रारीचा सूर नव्हता. किंचित अभिमानच होता.

तेथे उतरताच पहिली चकमक झाली ती चलनावरून. मॉरिशसचे नाणेही रुपयाच, आणि आपल्या रुपयाहून वजनदार. ही गोष्ट एखाद्या सामान्य प्रवाशास खटकली असती; परंतु ज्या चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले आणि जे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्यांची सही असलेल्या नोटा ज्याच्या वडिलांनी मोजल्या, त्या भाऊसाहेबांना परक्या रुपयाची काय मातब्बरी? चलन बदलून देणाऱ्या पोरसवदा कारकुनाला त्यांनी हा सर्व इतिहास मोडक्या इंग्रजीत ऐकवला. ताई मागे उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आणि विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांनी पैशाला हातसुद्धा लावला नाही." रांगेतल्या फ्रेंच दांपत्याला या वादाचे कारण अखेरपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्र. पाणी निळे, वाळू पांढरी, लाटा दूर प्रवाळाच्या बांधावर फुटून येतात, आणि किनाऱ्याशी फक्त गुडघाभर निवळशंख पाणी हलते. नातू, सून, चिरंजीव आणि मी, आम्ही सर्व हरखून गेलो. भाऊसाहेब मात्र धोतर खोचून एका जागी उभे राहिले, मग तासाभराने पुन्हा त्याच जागी आले आणि पुन्हा दोन तासांनी. सायंकाळी त्यांनी निर्णय दिला. "याला ओहोटी कुठाय?" तेथे भरती-ओहोटीचा फरक दोन-चार विती, हे खरेच. पण ज्याने कुंडलिकेच्या खाडीत मचवे चिखलावर बसलेले आणि चार-सहा तासांत पुन्हा तरंगू लागलेले जन्मभर पाहिले, त्याच्या दृष्टीने जागचा न हलणारा समुद्र हा समुद्र नव्हे, तलाव. रंगाकरिता दहा आणे मिळाले. ओहोटीअभावी सहा कापले गेले.

डोडो पक्ष्याचे प्रकरण एका वाक्यात मिटले. सतराव्या शतकाअखेर तो नामशेष झाला, परंतु शेवटचा डोडो नक्की कोणत्या दिवशी मेला हे कोणासही सांगता येत नाही, असे कळताच भाऊसाहेब म्हणाले, "मयताची नोंद नाही, पंचनामा नाही, मग वारस लागणार कुठून?" आणि पुढच्या दालनात गेले.

ज्वालामुखीकडून मात्र त्यांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. क्युरपीप गावाजवळचे ते विवर पाहण्यास आम्ही गेलो, तेव्हा धूर नाही, आग नाही, गंधकाचा वास नाही. कडेपासून तळापर्यंत दाट झाडी आणि खाली इवलेसे तळे. हा ज्वालामुखी माणसाच्या आठवणीत कधी पेटलेलाच नाही. "म्हणजे निकाली निघालेलं प्रकरण," भाऊसाहेब उद्गारले, "वर फक्त झाडी माजलीय." चार आणे. टंचाईग्रस्त.

परतताना गाडी उसाच्या शेतांतून चालली होती. या बेटावर ऊस लावण्याकरिता पिढ्यान्‌पिढ्यांनी जमिनीतले काळे धोंडे वेचून काढले आणि शेताच्या मध्येच त्यांचे उंच ढीग रचले; ते ढीग आजही जागोजाग दिसतात. भाऊसाहेबांनी गाडी थांबवली, ढिगाशी गेले, एक दगड उचलला, त्यावरची माती अंगठ्याने पुसली, बारीक बारीक भोके नखाने चाचपली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "हा दगड रोह्याचा आहे."

सून हसली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता पुरे." परंतु नुकताच भूगोलाचा पेपर देऊन आलेला नातू गंभीर झाला आणि त्याने जे सांगितले ते ऐकून आमच्या गाडीचा चालकही इंजिन बंद करून उभा राहिला. पृथ्वीच्या पोटात एक भट्टी आहे म्हणे, जी फारशी हलत नाही. हलते ती वरची जमीन. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकत असताना त्या भट्टीवर आली, तेव्हा जो लाव्हा थरावर थर ओतला गेला, तोच आपला दख्खनचा काळा कातळ, सह्याद्री, रोह्याचे डोंगर, सारे त्यातलेच. पुढे जमीन सरकत राहिली आणि त्याच भट्टीच्या मागावर लक्षद्वीप-मालदीवांचा पाया पडला, अलीकडे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उपजले, आणि आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे.

भाऊसाहेबांच्या मुद्रेवर त्या क्षणी जे तेज चढले, ते मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिले नव्हते. आयुष्यभर ज्या विधानाबद्दल घरादाराने हसे केले, त्यास साक्षात भूगर्भशास्त्र जामीन राहिले होते. पण कारकुनाचा आनंदही पद्धतशीर असतो. ते म्हणाले, "म्हणजे मूळ कब्जेदार सह्याद्री. हे बेट धाकट्या शाखेचं. फेरफार घालायला हवा." दगड मात्र त्यांनी खिशात टाकला नाही, सरकारी जमिनीवरचे गौण खनिज विनापरवाना हलवणे त्यांच्या तत्त्वात बसेना. तो त्यांनी जागेवर नीट ठेवला आणि माझ्याकडून स्थळाचे टिपण लिहवून घेतले.

"पेणसुद्धा त्याच कातळावर आहे," ताई म्हणाली.

"पेणला वरून खाडीचा गाळ आलाय," भाऊसाहेब म्हणाले, आणि मुक्कामापर्यंतचा प्रवास शब्दाविना झाला.

ताईचा सूड दुसऱ्या दिवशी उगवला. तेथल्या मराठी मंडळींच्या एका मंदिरात आम्ही गेलो. या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते आणि ज्यांचे खापरपणजे कोकण-साताऱ्याकडून उसाच्या मजुरीवर आले, ती मंडळी घरात क्रिओल बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात. ताई मूर्तीपुढे बराच वेळ उभी राहिली. आम्हाला वाटले, ती नामस्मरणात आहे. मग तिने मागे वळून न पाहताच सांगितले, "आखणी पेणची नाही. डोळे थोडे उतरलेत." पेणच्या माणसाने गणपतीच्या डोळ्यांविषयी दिलेल्या निकालावर अपील नाही, हे रोह्यालाही मान्य आहे. भाऊसाहेब खाली पाहत चपला घालू लागले.

आणि मग पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. १८३४ सालापासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर समुद्र ओलांडून आली, त्यांना उतरवून घेण्याचा हा धक्का. काळ्या दगडाच्या थोड्या पायऱ्या, काही खोल्यांचे अवशेष. आम्ही मंडळी पंधरा मिनिटांत पाहून बाहेर आलो. भाऊसाहेब आलेच नाहीत. मी शोधत आत गेलो, तर ते जुन्या नोंदीच्या एका प्रतिमेपुढे चष्मा कपाळावर चढवून, काचेला नाक लावून उभे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. एकेका रकान्यावरून त्यांचे बोट काचेवर सरकत होते आणि ओठ हलत होते. असे पाहताना त्यांना मी कचेरीतही कधी पाहिले नव्हते. "एक रकाना कोरा सोडलेला नाही," ते मला म्हणाले. "अक्षर बघ. माणसं कुठल्या हालात उतरली असतील. पण लिहिणाऱ्यानं गाव गाळलं नाही." बराच वेळ गेला. मग त्यांनी डायरी काढली आणि आपल्या हयातीत रोह्याबाहेर प्रथमच सोळा आणे लिहिले.

पेणला परतल्यावर आठ दिवसांत प्रवासाचा अहवाल तयार झाला. सर्व नातेवाइकांस त्याच्या प्रती गेल्या आणि सोबत पुढील वर्षाचा प्रस्तावही जोडण्यात आला: रियुनियन बेटावरील मूळ भट्टी अद्याप चालू असल्याने, सह्याद्रीच्या हक्कासंबंधी तिची प्रत्यक्ष स्थळपाहणी करणे अगत्याचे आहे. चिरंजीवांनी खर्चास तत्त्वतः मान्यता दिली. नातवाने सही केली. मीही केली. फाइल अखेर ताईकडे गेली आणि स्वयंपाकघरातून परत आली ती शेऱ्यासह: "अगोदर पडवीची कौले चाळून घ्यावीत. पाऊस दीड महिन्यावर आला."

प्रकरण तूर्त प्रलंबित आहे.