एक दिवा पिवळा

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलं, तर गाडीच्या तोंडाशी प्लास्टिकचा पाट टाकून बसलेले एक गृहस्थ दिसतात. वय पंचावन्नच्या पुढे, गाडीचं दहाच्या पुढे. अंगात ऑफिसच्या कुठल्याशा जुन्या पिकनिकचा टी-शर्ट, शेजारी अर्धी बादली पाणी, त्यात भिजत पडलेले वॉटर पेपरचे काळे तुकडे, आणि दिव्याभोवती मास्किंग टेप अशी लावलेली, की गाडीला मुंडावळ्या बांधल्यात असं वाटावं. ‘अहो, पाणी जाईल, आंघोळ उरका,’ अशी हाक गॅलरीतून तीनदा येऊन गेलेली असते. पिवळे पडलेले हेडलाइट घासून पुन्हा काचेसारखे करणारा हा माणूस इमारतीत चिक्कू म्हणून प्रसिद्ध असतो. हे मत साफ चुकीचं आहे. तो पैशासाठी घासत नाही आणि खरं सांगायचं तर उजेडासाठीही घासत नाही. एकाच बंपरच्या एका टोकाला ‘आधी’ आणि दुसऱ्या टोकाला ‘नंतर’ असं लोकांना एका नजरेत दिसावं, म्हणून तो घासतो. पुरावा उघड्यावर आहे : तो दोन्ही दिवे एका रविवारी कधीच पुरे करत नाही.

आधी रोग समजून घेऊ. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी तो समजावलेला असतोच. पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या दिव्यांना खरी काच असे. ती पिवळी पडत नसे, खडा लागला की सरळ फुटे. आताच्या दिव्यांवरची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. १९५३ साली जर्मनीत बायरच्या आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रसायनतज्ज्ञांच्या हाती हे प्लास्टिक एकमेकांच्या नकळत लागलं. वजनाला हलकं, माराला दणकट, हव्या त्या आकारात घडणारं; पण खोडी दोन. चरे चटकन पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं होतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक लेप चढवतात. काही वर्षांत ऊन आणि रस्त्यावरची धूळ मिळून तो लेप खातात आणि दिव्याला कावीळ होते. ज्या अंगाला दुपारचं ऊन लागतं त्या अंगाचा दिवा आधी जातो. हे ध्यानात आल्यापासून पार्किंगची जागा बदलून मागणारा त्यांचा एक अर्ज सेक्रेटरींच्या फायलीत पडून असतो.

उपचाराची सुरुवात आठशेच्या पेपरने. पेपर ओला, दिवा ओला, घासायचं आडवं. त्यानंतर हजाराचा, तो उभा. म्हणजे आधीचे आडवे चरे गेले की नाही ते कळतं. मग दीड हजार, दोन हजार, मिळाला तर तीन हजार. मधला एक नंबर गाळला की जुने चरे तळाशी दडून बसतात आणि शेवटी नेमके उन्हात उघडे पडतात. गंमत अशी की पहिल्या पेपरनंतर दिवा सुधारत नाही, पार बिघडतो. पिवळा होता तो ताकासारखा पांढरा होतो, आणि याच मुहूर्तावर गॅलरीतून ‘काय दिवे लावलेत, बघू’ असं येतं. नवशिका इथे हादरतो. त्याहून फसवी वेळ पाणी मारल्यावरची. चऱ्यांमध्ये पाणी भरलं की उजेड फारसा न विखुरता पार जातो आणि दिवा लख्ख दिसतो. नवशिका हर्षभराने बायकोला खाली बोलावतो, आणि ती तीन जिने उतरून येईपर्यंत दिवा वाळून परत ताक! मुरलेला माणूस ओल्या दिव्यावर कधी विश्वास ठेवत नाही. तो कंपाउंड घेऊन फडकं गोल गोल फिरवत राहतो. चरे इतके बारीक होतात की उजेडाला अडखळायलाही पुरत नाहीत, आणि मग धुक्यातून यावा तसा आतला बल्ब हळूहळू समोर येतो. इथे त्याचे हात थांबतात. वास्तविक पाणी उरलंय, पेपर उरलाय, दुसरा दिवा हाताच्या अंतरावर आहे. पण तो वळतो लिफ्टकडे. ‘जरा खाली या, एक गंमत दाखवतो.’ निदान चार माणसं बघून जाईपर्यंत तो दुसरा दिवा पिवळाच ठेवलेला असतो. त्या चारांतला एक जण ‘टूथपेस्टनेही होतं म्हणे’ असं म्हणतोच. त्याला कळावं म्हणून सांगतो : होतं, कारण पेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असते, पण खोल गेलेल्या पिवळेपणाला ती पुरत नाही. आमच्या गृहस्थांच्या लेखी टूथपेस्टवाले म्हणजे मोडलेल्या हाडाला हळद लावणारे.

आता आक्षेप. पहिला अर्थातच पैशाचा : नवा दिवा महाग, म्हणून हा उद्योग. पण हिशेब मांडून बघा. पाच नंबरांचे पेपर, दोन तऱ्हेचं कंपाउंड, टेप, ड्रिलला लावायचं बफिंगचं चाक, आणि त्या चाकासाठी घेतलेलं ड्रिल! कोपऱ्यावरचा पॉलिशवाला याहून कमी पैशांत, गृहस्थांचा चहा संपायच्या आत, दोन्ही दिवे करून देतो. चिक्कू माणूस इतका खर्च करत नसतो. मग मिळतं काय? या माणसाने तीस-पस्तीस वर्षं कुठल्या तरी खात्यात, बँकेत किंवा विमा कंपनीत काढलेली असतात. तिथे कागद खालून वर जातो, वरून शेरा घेऊन खाली येतो, आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना ‘यांनी नेमकं काय केलं’ हे वक्त्यालाही सांगता येत नाही. आधी असं होतं, मी हात लावला, आता असं आहे, हे वाक्य त्याला नोकरीत एकदाही म्हणायला मिळालेलं नाही. ते हेडलाइटपाशी मिळतं. यावर कुणी म्हणेल की घासून लखलखीत करायच्या वस्तू घरात काय कमी आहेत? मान्य. दिव्याच्या अवसेला समया, निरांजनं चिंच लावून घासली जातातच. पण एक समई मुद्दाम काळी ठेवून घरातल्या बाईने शेजारणीला बोलावल्याचं ऐकिवात नाही. ती सगळ्या घासते, पूजा करते आणि पुरणाच्या दिंडांकडे वळते. प्रेक्षक जमवायची हौस आमच्या गृहस्थांचीच.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : हे सुरक्षेचं काम आहे. आहेच. धुरकट दिव्यातून उजेड रस्त्यावर कमी पडतो आणि इकडेतिकडे जास्त विखुरतो. आपल्याला खड्डा दिसत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत मात्र चमक जाते. पण हे गृहस्थ संध्याकाळी सातनंतर गाडी बाहेर काढत नाहीत. का, तर रात्री दिसायला त्रास होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकत आल्याचं सांगून वर्ष झालेलं असतं. डोळ्याचं भिंगही वयाने पिवळं आणि गढूळ होतं, त्यावर उपाय आहे, आणि तिथे घासायचंही काही नाही; भिंग बदलतात. तारीख घ्यायची तेवढी राहिलीय. गाडीच्या दिव्यांना मात्र दर पावसाळ्यानंतर तारीख मिळते.

आणि दर पावसाळ्यानंतर ती का लागते, हा माझा शेवटचा पुरावा. घासताना पिवळेपणाबरोबर कारखान्याचा उरलासुरला लेपही निघतो. त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला नाही, तर काही महिन्यांत दिवा मूळपदावर येतो. हे त्यांना ठाऊक नाही असं समजू नका. या विषयावरचं त्यांचं व्याख्यान लिफ्टमध्ये सुरू होऊन पाचव्या मजल्यावर दार धरून चालतं. क्लिअर कोटचा डबाही आणलेला असतो. तो कपाटात वरच्या फळीवर, सील न तोडता. एकदा का तो मारला, की काही वर्षं दिवा पिवळा पडायचा नाही, आणि मग रविवारी करायचं काय? विचारलं तर म्हणतात, ‘आज हवेत दमटपणा आहे, पुढच्या रविवारी बघू.’

तेव्हा खाली बोलावणं आलं, तर जाऊन या. दोन्ही दिवे नीट बघा, आणि टूथपेस्टचं नाव तेवढं काढू नका.