पुढील स्टेशन सीएसटी

मी रोज डोंबिवलीहून निघून सीएसटीला उतरते आणि वॉर्डात पोचले की पुन्हा सीएसटीतच असते. स्टेशनचं नाव २०१७ साली बदलून सीएसएमटी झालं. केसपेपरवरचं सीएसटी मात्र कुणाच्या बापाला बदलता आलेलं नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’. कालचंच चालू ठेवा. तीन अक्षरं, खाली सहीची शेपटी, की राउंड पुढच्या खाटेवर.

काल काय चालू होतं ते काल लिहिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. काल सीएसटी लिहिलेलं असतं.

परवाच्या नाइटला सोळा नंबरच्या आजोबांच्या औषधांचा तक्ता नव्याने उतरवायला बसले. गुरुवार : सीएसटी. बुधवार : सीएसटी. मंगळवार : सीएसटी, शिवाय एक सिरप, ज्याचं पहिलं अक्षर आणि शेवटची रेघ तेवढी शाबूत. सोमवार : ‘सरांनी सांगितल्याप्रमाणे’. आमच्या युनिटला सर चार. रविवारी नुसतीच सही. स्लो लोकलने उलटं निघाल्यासारखी एकेक पान मागे जात मी आधीच्या बुधवारी पोचले. ॲडमिशनचं पान. मूळ ऑर्डर तिथे होती, वर चहाच्या कपाचं गोल. गोलाच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पुढे ‘५ दिवस’. पाच म्हणा, आठ म्हणा, अक्षर दोन्हीकडून साक्ष देत होतं. बोटं मोजली. नववा दिवस चालू होता.

अशा वेळी काय करायचं, तेही लिहिलेलं असतं : ‘इन्फॉर्म एसओएस’. गरज पडल्यास कळवा. गरज कशाला म्हणायचं ते कळवलेलं नसतं. फोन केला तर ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ आणि नाही केला तर ‘एवढं होऊनही कळवलं नाहीत?’ बावीस वर्षांच्या नोकरीत मला या दोन वाक्यांच्या मधली जागा सापडलेली नाही.

लघुरूपांची तर जत्राच. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. आमच्या एका पेशंटच्या मुलाने, बिचारा अकाउंटंट, ‘औषधावरही कापतात का?’ म्हणून विचारलं होतं. एसी म्हणजे जेवणाआधी. ते वाचून एक बाई हात जोडून म्हणाल्या, ‘‘सिस्टर, आम्हाला जनरलमध्येच राहू द्या, एसीचं परवडणार नाही.’’ हसू येतं, पण इन्शुलिनच्या पुढचा ‘यू’ हसण्यावारी नेता येत नाही. युनिटचा तो यू घाईत वरून मिटला की शून्य होतो आणि दहाचे शंभर दिसतात. म्हणून मी दरवेळी ‘युनिट’ अख्खा शब्द लिहिते, आणि इंटर्न पोरं त्याला म्हातारीची खोड समजतात.

हे दुखणं काही इथलंच नाही. अमेरिकेत १९९० साली लोसेक या ॲसिडिटीच्या औषधाचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं, कारण हाताने लिहिलेलं लोसेक लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्ससारखं दिसायचं. औषधाचं नाव बदललं. अक्षर बदला म्हणायला कुणी धजावलं नाही. आपल्याकडे २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने धाडस केलं : औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. त्या ‘शक्यतो’च्या फटीतून अख्खी डॉक्टरमंडळी सुखरूप बाहेर पडली.

तर रात्रीचे सव्वादोन. इंजेक्शन सहाला द्यायचं होतं. आजोबा घोरत होते. वॉर्डच्या मावशी म्हणाल्या, ‘‘करा की फोन. ओरडतील, दुसरं काय?’’ केला.

‘‘सर, सोळा नंबरच्या अँटिबायोटिकचं...’’

‘‘काय लिहिलंय?’’

‘‘तेच विचारायला फोन केला.’’

‘‘पानाचा फोटो पाठवा.’’

पाठवला. दोन निळ्या टिक आल्या, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी त्यांचाच फोन.

‘‘सिस्टर, हे अक्षर कुणाचं?’’

‘‘तुमचं, सर.’’

पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. मग म्हणाले, ‘‘बंद करा ते. कालच थांबायला हवं होतं.’’

‘‘आणि मंगळवारचं सिरप?’’

‘‘तुम्हाला काय वाटतंय, कुठलं असेल?’’

हा प्रश्न मला मनापासून आवडला, पण मी त्याचं उत्तर दिलं नाही. अंदाजाने औषध देत नसते मी. शेवटी झोपेतून त्यांनीच आठवून नाव सांगितलं, मी अक्षरं सुटी करून परत म्हणून दाखवलं, ते ‘हो’ म्हणाले, मी वेळ घातली. मग ताज्या पानावर सातही औषधं नावानिशी, मात्रेनिशी, वेळेनिशी, कॅपिटलमध्ये उतरवली. मावशींनी लांबूनच पान पाहिलं आणि ‘लग्नपत्रिका वाटतेय’ म्हणाल्या.

माझी ड्यूटी सुटायच्या आत राउंड आला. सरांनी पान वाचलं. ‘‘वा, सिस्टर! ऑर्डर कशी लिहावी, शिका रे,’’ असं इंटर्नना सांगितलं, खिशातून पेन काढलं आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली ऐटीत लिहिलं : सीएसटी.