पार्ट नंबर कुणाचा?

गेल्या वैशाखात माझ्या मावसभावाचं खोदकामाचं मशीन माजलगावजवळ एका विहिरीच्या कामावर पाच दिवस उभं राहिलं. मागच्या बकेटच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं. दुखणं किरकोळ होतं, सील किट बदलायचं. भाऊ शहरात विक्रेत्याच्या काउंटरवर गेला. पलीकडून प्रश्न आला, "पार्ट नंबर?" भाऊ म्हणाला, "मशीनचा नंबर सांगतो, मॉडेल सांगतो, सिलिंडरचा फोटो दाखवतो. पार्ट नंबर मला कुठून ठाऊक असणार, साहेब?" मग अंदाजाने एक किट हातात पडलं. मिस्त्रीने सिलिंडर उघडून बघितला तर सील रॉडवर सैल. रॉडचा व्यास वेगळा निघाला. पाकीट फोडलेलं म्हणून किट परत घेईनात. बरोबर किट पाचव्या दिवशी आलं. तोवर विहिरीचा मालक आभाळाकडे बघत रोज फोन करत होता, आणि मशीन उभं आहे म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

तो नंबर कुठेच नव्हता असं नाही. बांधकामाची यंत्रं बनवणारी कंपनी प्रत्येक मॉडेलची पार्ट कॅटलॉग ठेवते. सिलिंडर सुटा करून मांडावा तसं चित्र, प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक, त्यापुढे पार्ट नंबर, नाव आणि किती नग लागतात तो आकडा. पूर्वी हे जाडजूड छापील पुस्तक असायचं, मायक्रोफिल्मच्या पट्ट्यांवरही असायचं, पुढे सीडीवर आलं. आता ते सॉफ्टवेअरमध्ये आहे. चित्रातल्या भागावर बोट ठेवलं की नंबर पुढे येतो. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल, तर तेही दिसतं.

खरी करामत आहे ती मशीनच्या सीरियल नंबरची. मॉडेलचं नाव तेच राहतं, रंग तोच, आणि आतले भाग मात्र मध्येच बदलतात. अमुक सीरियल नंबरपर्यंत हा सील, त्यापुढे तो. शिवाय चाकांच्या बांधकाम यंत्रांसाठी धुराचे नवे नियम १ एप्रिल २०२१ पासून आले, त्यापुढचे १ जानेवारी २०२५ पासून. इंजिनं बदलली, सेन्सर वाढले. शेजारी शेजारी उभी असलेली एकाच नावाची दोन मशीनं आज एकच फिल्टर घेतील, याची खात्री कुणी देऊ नये. छापील पुस्तक या वेगापुढे टिकत नाही. म्हणून हे सॉफ्टवेअर हवंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं भांडण त्याच्या कुलपाशी आहे. बऱ्याच ठिकाणी त्याचा पासवर्ड कंपनीकडे आणि अधिकृत विक्रेत्याकडे असतो. लाखो रुपये मोजून मशीन घेतो तो मालक बाहेर, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात सिलिंडर उघडतो तो मिस्त्रीही बाहेर. कॅटरपिलरसारख्या कंपनीत सीरियल नंबर टाकून गिऱ्हाईकाला स्वतः भाग शोधता येतो. म्हणजे हे जमतं. बाकीच्यांनी जमत नाही म्हणू नये.

सगळं खुलं केलं तर डुप्लिकेटवाले नंबर चोरतील, असं म्हणतात. डुप्लिकेटवाल्याकडे नंबर केव्हाच पोचलाय. त्याच्या पाकिटावर तो ठळक छापलेला असतो. नंबर नाही तो फक्त मालकाकडे. ओरिजिनल भाग ओळखता येत नाही, वेळेवर मिळत नाही, तेव्हाच माणूस लोकल माल घेतो. दोनशे बारच्या आसपासच्या दाबाखाली चालणाऱ्या तेलाच्या होजला लोकल जोड बसवणं म्हणजे ऑपरेटरच्या जिवाशी खेळ आहे.

मोटारींच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे होऊन गेलाय. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली, पण मुद्दा देशासमोर आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने आधी हाती घेतलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. विहिरी, रस्ते, कालवे खोदणारं मशीन त्या यादीत नाही. एका मशीनवर पोट भरणाऱ्या मालकाचा विचार तिथे झालेला नाही.

आणि भाषा. चाकण-तळेगावात ही यंत्रं बनतात, मराठवाड्यात ती राबतात, आणि कॅटलॉग उघडलीच तर आत लांबलचक इंग्रजी नावं. मिस्त्री म्हणतो दात, पिन, बुश, होज, वॉशर. शोधायच्या चौकटीत हे शब्द चालले पाहिजेत. दहा हजार भागांची नावं भाषांतरित करा असं मी म्हणत नाही. रोज झिजणाऱ्या शे-दीडशे भागांना मिस्त्रीच्या तोंडची नावं जोडा, सोबत खरा फोटो ठेवा.

कंपन्यांना एवढीच विनंती: मशीनच्या सीरियल नंबरच्या पाटीशेजारी एक क्यूआर कोड लावा, आणि तो पासवर्डाशिवाय त्याच मशीनची कॅटलॉग उघडू दे. नवं मशीन घेणाऱ्यांनो, किल्ली हातात घ्यायच्या आधी विक्रेत्याला हे विचारा: माझ्या मशीनचे पार्ट नंबर मला माझ्या मोबाइलवर दिसतील का? उत्तर लेखी घ्या.