डब्यात काय हाये?

भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला गावात दोन बोलावणी ठरलेली: कुणी जन्मलं तर बारशाला, कुणी गेलं तर तेरवीला. मधल्या वयाच्या लोकांना पेटी फारशी लागत नाही. पण माझी भाची पांढरकवड्याकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे आणि तिने मला नवीनच कामाला लावलंय. ‘मामा, लेकरांसंगं भुलाबाईचे गाणे म्हणाचे हायेत. पेटी घेऊन या नं.’ लेकरं तीन ते सहा वर्षांची. या वयाच्या श्रोत्यांना सहसा कुणी घाबरत नाही. घाबरायला पाहिजे.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दरवर्षी सांगावं लागतं की आमची भुलाबाई म्हणजे तुमचा भोंडला नव्हे. तुमच्याकडे पाटावर हत्ती आणि भोवती फेर. आमच्याकडे मातीचे भुलोबा-भुलाबाई, मांडीवर छोटा गणपती, आणि मुक्काम चांगला महिनाभर, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत. सारीपाटात हरून रुसलेल्या शंकराला भुलवायला पार्वती भिल्लीण झाली, ती ही भुलाबाई. दिवेलागणीला पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. अंगणवाडीत हे सगळं भरदुपारी होतं, कारण दिवेलागणीला आमचे श्रोते झोपलेले असतात.

पेटी उघडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गाणं नाहीच. भाता हलताना पाहून एका पोट्ट्याने मागून डोकं घातलं आणि विचारलं, ‘आबाजी, याच्यात कोन बसला हाये?’ कुणीच नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की भजनी मंडळातल्या चाळीस वर्षांच्या प्रतिष्ठेवर पाणी पडलं. मग प्रत्येकाने एकेक पट्टी दाबून पाहिली. एकीने दोन्ही हात पसरून सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. तो आवाज सगळ्यांना इतका आवडला की नंतरचं माझं वादन त्यांना मिळमिळीत वाटलं.

मी काळी दोनमध्ये गाणारा माणूस. लेकरांचा गळा तेवढा खाली उतरत नाही. म्हणून मी वर चढलो, तर ती आणखी वर गेली. शेवटी कळलं की खोलीत जितकी लेकरं तितक्या पट्ट्या, आणि मी त्यात एक अधिक. बरं, ओळही ती पूर्ण म्हणत नाहीत. ओळीचा डोंगर मी एकट्याने चढायचा आणि शेवटचं अक्षर आलं की सगळ्यांनी मिळून त्यावर उडी मारायची. मध्ये मी हौसेने छोटीशी आलापी घेतली. पुढच्या रांगेतली चिमुरडी कळवळून म्हणाली, ‘बाई, आबाजी काऊन रडून रायले?’

ही गाणी खरं तर सासुरवाशिणींची. सासूचा जाच, नणंदेच्या चुगल्या, माहेरची वाट. नाकातला शेंबूड अजून वाळलेला नाही अशा पोरी कमरेवर हात ठेवून सासूच्या तक्रारी इतक्या अनुभवी चेहऱ्याने म्हणतात की ऐकणाऱ्याला हसावं की लग्नं ठरवताना सावध राहावं, कळत नाही. पोट्टेही तितक्याच जोमाने सासरचा छळ सोसतात.

आया सोयाबीन सोंगायला गेलेल्या, त्यामुळे लेकरांना न्यायला आज्या येतात. त्या लवकर आल्या आणि दाराशी टेकल्या. मी रुसलेल्या सुनेचं गाणं धरलं होतं. सून माहेरी बसलेली, सासरचं एकेक माणूस तिला न्यायला येतं, ती काही उठत नाही. मी सासऱ्यानंतर दीर आणला, तशी दारव्ह्याची एक आजी कडाडली, ‘आधी सासू येते!’ वणीकडची दुसरी म्हणाली, सासू सगळ्यात शेवटी, आमच्याकडे नणंदच आधी निघते. गाणं थांबलं. दोन्ही तालुक्यांनी आपापली माणसं पुन्हा पहिल्यापासून मोजून दाखवली. कुणीच मागे हटेना. पेटी धरून मी मध्ये, सून माहेरी. तेवढ्यात एका पोट्ट्याने जांभई देत विचारलं, ‘नवरा कवा येते?’ या गाण्याचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

टिपऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चार वर्षांच्या माणसाच्या दोन्ही हातांत लाकूड दिलं की ताल हा विषय संपतो. शेजाऱ्याचं डोकं हेही टिपरी वाजवायचं ठिकाण आहे असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. अपवाद पोडावरच्या लेकरांचा. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. ही लेकरं घरी कोलामी बोलतात, त्यामुळे माझ्या गाण्यातली सासू त्यांना फारशी समजली नसावी. पण दिवाळीच्या दिवसांत इकडे दंडार नाचतात, ती त्यांनी बापाच्या खांद्यावरून पाहिलेली. पोडावरची दोन पोरं टिपरीवर टिपरी अशी बसवत होती की मी निमूटपणे त्यांच्या लयीला पेटी जुळवली. शब्दांच्या जागी ती तोंडाला येईल ते म्हणत होती, आणि तेच सगळ्यात सुरात होतं.

आणि मग डबा आला. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यात पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हातात हात घालून चालावीत अशी कल्पना आहे. चालतात, पण पोषण दोन पावलं पुढे असतं. मदतनीस ताईने डबा वाजवून विचारलं, ‘गोड का तिखट? डब्यात काय हाये?’ एकजण ओरडला, ‘अंडं!’ भुलाबाईच्या पुढ्यात अंडं ऐकून आज्यांनी कपाळाला हात लावला. पण पोराचं चुकलं कुठे? अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांना अंडी किंवा केळी मिळतात. अंगणवाडी म्हणजे अंडं, हे त्याचं निरीक्षण पक्कं होतं. दुसरा म्हणाला ‘चिवडा’, तिसरी म्हणाली ‘मॅगी’. डबा खुळखुळ वाजत होता, तरी एकजण ‘खीर’ या उत्तरावर ठाम राहिला. निघाले फुटाणे आणि गूळ. खीरवाला सगळ्यात जास्त खाऊन गेला.

तर पेटीवाले, ढोलकीवाले, नुसत्या टाळ्या वाजवणारेसुद्धा, ऐका. भुलाबाई महिनाभर असते, अंगणवाडी गावातच असते. एक दुपार काढा. पट्टी वर ठेवा, आलाप घरी ठेवा, टिपऱ्या शेवटी वाटा. आज्यांना मात्र आधीच विचारून घ्या, सासरहून पहिलं कोण निघतं ते.