मापात पाप नाही, मापेच दोन

दुकानातून १ टेराबाइटची हार्ड डिस्क आणावी, विंडोजच्या संगणकाला जोडावी, तर पडद्यावर जेमतेम ९३१ जीबी. चोरी कुणीच केलेली नसते. डिस्क बनवणारा १,००० चा हिशेब धरतो, विंडोज १,०२४ चा, आणि दोघेही लिहितात ‘जीबी’च.

फ्लॉपीने तर कहर केला होता. तिच्यावरचे १.४४ एमबी ना या हिशेबाचे, ना त्या. आत असायचे १४,७४,५६० बाइट. त्यांना आधी १,०२४ ने भागून १,४४० केबी करायचे आणि मग गुपचूप १,००० ने भागायचे. एकाच आकड्यात दोन्ही पक्ष खूश. आघाडी सरकारांनाही असा समझोता जमलेला नाही.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने तंटा मिटवायला १,०२४ च्या हिशेबासाठी किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी नवी मापे काढली. लिनक्सवाल्यांनी त्यांना थोडाफार मान दिला. बाकी कुणी दुकानात जाऊन ‘पाचशे गिबिबाइटची द्या’ असे म्हणून पाहावेच!

अ‍ॅपलने २००९ मध्ये वेगळी युक्ती केली. स्नो लेपर्ड या आपल्या प्रणालीच्या आवृत्तीपासून मॅक १,००० ने मोजू लागला आणि तीच जुनी डिस्क एका रात्रीत मोठी दिसू लागली. अर्थात, तिच्यातल्या फायलीही तेवढ्याच फुगल्या.

अमेरिकेतले ग्राहक मात्र कोर्टात गेले. २००७ मध्ये डिस्क बनवणाऱ्या सीगेटने तडजोडीत देऊ केले ते असे: किमतीच्या ५ टक्के रक्कम परत, नाहीतर बॅकअपचे सॉफ्टवेअर फुकट. जागा कमी भरली म्हणून भांडणाऱ्याला, उरलेली जागा भरून टाकायची सोय.